हात वर करायचा नाही

जालन्याला फिरायला कोणी जात नाही. लोक वेरूळ-अजिंठा करतात, जालना गाडीच्या खिडकीतून बघतात आणि पुढे जातात. मीही गेले नसते. मला तिथे माझ्या उजव्या कानाने नेलं आणि मी परत आले ती संतापून. हे लिहायला बसले तेव्हा नवरा म्हणाला, राग जरा निवू दे, मग लिही. निवायची वाट बघत बसले असते तर हे कधीच लिहून झालं नसतं.

आधी कानाचं सांगते. मी नाशिकची. शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. चाळिशीनंतर दोन्ही कान हळूहळू जात गेले. डावा पार गेला आणि उजव्यात शेवटी कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत एक बारीक तार सरकवतात आणि बाहेर कानामागे मशीन लावतात. मशीन आवाज पकडतं आणि तार तो विजेच्या रूपात थेट मज्जातंतूला देते. मशीन काढलं की मी ठार बहिरी.

वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. ती आता जालन्यात स्पीच थेरपिस्ट आहे, ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. तिचा निरोप आला, "बाई, हसनाबादजवळ एक कुटुंब आहे. मुलीचं ऑपरेशन ठरलंय. त्यांना मशीन बसवलेलं माणूस डोळ्यांनी बघायचंय. याल का?" आयुष्यात मला बघायला म्हणून एकदाच पाहुणे आले होते, त्यालाही फार वर्षं झाली. मी पिशवी भरली.

जालना

स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले. खोलीतला आरसा चांगला होता, बाकी कशाबद्दल बोलायला नको. मशीनची बॅटरी चार्जिंगला लावली आणि झोपले. त्या सॉकेटमध्ये वीज येतच नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. ते पुढे येईलच.

सकाळी वैशालीने घरी नेऊन सुशीला खाऊ घातला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना हिरव्या मिरचीची फोडणी, वर डाळ्याचं कूट आणि शेंगदाणे. आमच्या नाशकात पाहुण्याला भिजवलेले मुरमुरे दिले तर पाहुणा ते जन्मभर लक्षात ठेवेल. इथे मी दोनदा मागून घेतला. मिसळीवाचून ज्यांचा दिवस उजाडत नाही, त्यांनी एकदा खाऊन बघावा.

खाता खाता वैशाली मुलीबद्दल सांगत होती. नाव सुमन, नववीत आहे. डावा कान जन्मापासून बंद. उजवा चांगला होता, त्याच्यावरच ती बोलायला शिकली, पण सात-आठ वर्षांची असल्यापासून तोही जात गेला. डाव्या कानाला आवाज म्हणजे काय हेच माहीत नसल्यामुळे त्यात तार घालून फारसा उपयोग नाही. म्हणून ऑपरेशन उजव्या कानाचं.

"उजव्यात काही शिल्लक आहे का?" मी विचारलं.

"रिपोर्टात तर काहीच नाही," वैशाली म्हणाली. "दवाखान्यात तपासलंय. हेडफोन लावून आवाज देतात, ऐकू आला की हात वर करायचा. तिने एकदाही केला नाही."

"तार कोणती घालणार आहेत?"

"वळवलेली. शिल्लक काही नसेल तर जपायचं काय, असं डॉक्टरांचं म्हणणं."

त्या तारांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वर्गात सांगितलं असतं तसंच सांगते. कानात अगदी आत, वाटाण्याएवढा, गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी असलेला एक अवयव असतो. त्यात प्रत्येक आवाजाची जागा ठरलेली. दाराशी बारीक, टोकदार आवाज: स, श, च, चमचा पडल्याचा आवाज. जितकं आत जावं तितका जाड, घुमणारा आवाज: ढोल, म्हशीचं हंबरणं, पुरुषाचा खर्ज. पुष्कळांचं दाराशी असलेलं ऐकणं आधी जातं आणि अगदी आतल्या टोकाचं थोडं मागे राहतं. तेवढ्यावर बोलणं समजत नाही. पण कोणीतरी बोलतंय हे कळतं आणि घरातलं माणूस असेल तर कोण, हेही कळतं.

या शंखात घालायच्या तारा दोन घराण्यांच्या. एक सरळ आणि मऊ, ती बाहेरच्या भिंतीच्या कडेकडेने जाते. ती आखूड घेतली तर अर्ध्या वाटेवर थांबते आणि आतल्या टोकाला शिवतच नाही. लांबही मिळते. दुसरी आधीच वळवलेली. ती शंखाच्या मधल्या खांबाला बिलगून बसते. मज्जातंतू तिथून जवळ, त्यामुळे थोड्या विजेत काम होतं आणि आवाज एकमेकांत कमी मिसळतात, असं तिचे पाठीराखे सांगतात. पण जाता जाता आतल्या नाजूक पडद्याला खरचटण्याची भीती तिची जास्त, आणि खरचटलं की मागे राहिलेलं ऐकणंही जातं. हल्ली या वळवलेल्या तारा बारीक निघाल्या आहेत, भीती कमी झाली आहे, संपलेली नाही. सरळ तारेचीही हमी कोणी देत नाही. ती कुठून घातली, किती सावकाश घातली, यावर बरंच असतं. परकरात नाडी ओवणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

माझ्या कानात कोणती तार गेली ते मला ऑपरेशन झाल्यावर कळलं. वळवलेली, जुन्या ताठ चालीची. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत मला उजव्या कानाने इमारतीच्या पंपाची घरघर येत होती, गणपतीतला ढोल येत होता, नवऱ्याचं जिन्यातलं खाकरणं येत होतं. नंतर मशीन काढल्यावर यातलं काहीच उरलं नाही. मशीन लावलं की बोलणं समजतं, फोन करता येतो, मी कृतघ्न नाही. पण ढोल आता पत्र्याचा डबा बडवल्यासारखा येतो. आणि हे जाणार आहे, चालेल का, असं मला एकाही माणसाने विचारलं नव्हतं. त्याचा राग मी जालन्याला जाताना बरोबर नेला होता, हे कबूल करते.

हसनाबादच्या वाटेवर

वैशालीने ओळखीची जीप ठरवली होती. सळया बनवणाऱ्या कारखान्यांची धुराडी मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. वेचणीचे दिवस. कमरेला ओटी बांधलेल्या बायका रांगेने पुढे सरकत होत्या. मधूनच मोसंबीची गडद हिरवी बाग यायची आणि परत कापूस. भूगोलाच्या पुस्तकात मी काळी माती कितीतरी वर्षं शिकवली. ती पावलाला कशी धरते हे मात्र इथे उतरले तेव्हा समजलं. नुकतंच पाणी दिलेल्या रानात माझी एक चप्पल तिथेच राहिली आणि मी पुढे गेले. वैशाली हसत होती, जीपवाला हसत होता. मीही हसले, त्या दिवशीचं शेवटचं.

हसनाबादच्या अलीकडे रस्ता सोडून आत वळलो. वाटेत वैशालीने घरच्यांची माहिती दिली. मेंढरं घेऊन फिरणारं घराणं, पण सुमनच्या आजोबांपासून, म्हणजे भागूजींच्या वडिलांपासून, शेतीत स्थिरावलेलं. आता मेंढरं थोडी, कापूस आणि मका जास्त. गावात सुमनबद्दल दोन मतं होती. शाळेतले म्हणत, तिला काहीच ऐकू येत नाही. शेजारचे म्हणत, सगळं येतं, नाटकं करते.

मळ्यात

भागूजी उंच, रुंद हाडाचा माणूस. त्याचा आवाज मशीनमधूनही माझ्या छातीत उतरला. बायको कौसाबाई, बोलायला धीट. आमच्याकडे पाहुण्याला चहा घेणार का म्हणून विचारतात आणि पाहुणा नको म्हणतो. इथे विचारत नाहीत, कप हातात देतात. मागोमाग जेवण. ज्वारीच्या भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, तिखट आमटी, ठेचा, फोडलेला कांदा. सुमन वाढत होती. सगळ्यांच्या ओठांकडे बघायची तिची सवय मी लगेच ओळखली, माझीही तीच आहे. तिच्या बोलण्यातले स आणि च झिजले होते, पण बोलणं समजत होतं.

जेवण झाल्यावर कौसाबाई माझ्याजवळ सरकल्या. "मॅडम, हात लावू का?"

मी मशीन काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. मी कानावर चढवल्यावर म्हणाल्या, "झोपताना काढून ठिवता?"

"हो."

"मंग रातीच्याला कुनी हाका मारल्या तर?"

"ऐकू येत नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही. कारण तेवढ्यात मशीनने इशाऱ्याची पिपाणी वाजवली आणि ते बंद पडलं. मी दुसरी बॅटरी घातली, लॉजवर चार्जिंगला लावलेली. ती रिकामी. मळ्यातली वीज गेलेली होती, संध्याकाळशिवाय यायची नव्हती. मी त्या लॉजच्या मालकाला, वायरमनला आणि वीज खात्याला मनातल्या मनात जे काही म्हणाले ते निवृत्त शिक्षिकेला शोभणारं नव्हतं.

मग मी ओसरीवर बसून नुसती बघत राहिले. सुमन अंगण ओलांडून गोठ्यात गेली होती, आमच्याकडे पाठ करून शेण भरत होती. कौसाबाई भागूजीला काहीतरी म्हणाल्या. तो उठला. ओसरीच्या कोपऱ्यात एक मोठा रांजण होता, रिकामा. त्याने दोन्ही हातांनी काठ धरले आणि तोंड आत घातलं.

गोठ्यात पाठमोरी असलेली सुमन उभी राहिली, हात झटकले आणि आमच्याकडे चालत आली.

मी वैशालीकडे बघितलं. तिचं तोंड उघडंच होतं. मला वाटलं, जमीन हादरली असेल, पायाला कळलं असेल. मी सुमनला अंगणातल्या बाजेवर चढवून उभं केलं, गोठ्याकडे तोंड करून, आणि खुणेने भागूजीला परत सांगितलं. त्याने तोंड आत घातलं, सुमन वळली. मी त्याला खुणावलं, आता नुसतं तोंड घाल, आवाज काढू नको. तो माझ्याकडे जरा विचित्र बघत तसाच वाकला. सुमन जागची हलली नाही. पुन्हा आवाज, पुन्हा वळली.

मग मी स्वतः रांजणापाशी गेले आणि उजवा कान काठाला लावला. भागूजी पलीकडून वाकून घुमला. काठ माझ्या तळहाताखाली थरथरत होता, हे स्पष्ट लागत होतं. कानात काही नाही. अगदी काही नाही. मी नाही अशी मान हलवली.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. कौसाबाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. रात्रीच्या हाकांबद्दल त्यांनी मघाशी का विचारलं, ते आता मला कळलं. सुमन बाजेवरून उतरली, माझ्यासमोर आली आणि मला ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाली, "मला येतं."

बाकीचं वैशालीने मोबाइलवर लिहून दाखवलं, काही मी ओठांवरून वाचलं. ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट होणार होतं आणि त्या योजनेच्या तपासणी शिबिरात कामं बघणारा एक माणूस होता. तो भागूजीला म्हणाला होता, ज्याला जरासुद्धा ऐकू येतं त्याचा नंबर मागे पडतो.

"मंग आम्ही पोरीला सांगून ठिवलं," भागूजी खाली बघत म्हणाला. "आवाज आला तरी हात वर करायचा न्हाई. बिलकुल करायचा न्हाई."

ती पोर त्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसली असेल, कानात बापाच्या आवाजासारखं काहीतरी घुमत असेल आणि हात मांडीवर दाबून धरला असेल. डोळ्यांपुढे हे आलं आणि मी भर ओसरीवर रडले, आणि मग चिडले. त्या माणसावर चिडले. पोरीला खोटं शिकवलं म्हणून आईबापांवर चिडले. आणि सर्वांत जास्त त्या व्यवस्थेवर, जिच्या दारात माणूस जितका जास्त मोडलेला तितकी त्याला आत जायला वाट मोकळी. जे हातात आहे ते लपव, मग आम्ही तुला देऊ. आणि देताना जे लपवलंस ते काढून घेऊ.

रांजणाचं त्यांना कसं कळलं तेही भागूजीने सांगितलं. एका उन्हाळ्यात तो रांजण घासायला आत वाकला होता आणि तिथूनच भावाला हाक मारत होता. भाऊ आला नाही, सुमन आली. तेव्हापासून तिला बोलवायचं तर असंच. जेवायला, पाऊस आला तर, कोणी आलं तर. डॉक्टरांना हे सांगावं असं कोणालाच वाटलं नाही, कारण रांजणात तोंड घालून पोरीला हाक मारतो हे शहरात सांगायची लाज वाटली.

पुन्हा जालना

दुसऱ्या दिवशी मी, वैशाली, भागूजी, कौसाबाई आणि सुमन असे सगळे दवाखान्यात. वैशालीच्या घरी बॅटऱ्या भरून घेतल्या होत्या. ऑपरेशन करणारे डॉक्टर मोठ्या शहरातून ठरावीक दिवशी येतात, तो दिवस होता. नाव लिहीत नाही, लिहायची इच्छा मात्र आहे.

त्यांनी रिपोर्ट समोर धरला. "इथे काही नाहीये, मॅडम. मेंदूच्या लहरींची तपासणीसुद्धा केली आहे."

"ती बारीक आवाजांवर केली," वैशाली म्हणाली. "जाड आवाजाचं तिच्यात नीट कळत नाही, सर. परत हात वर करायची तपासणी करू या."

"ही परवा काही ऐकत नव्हती आणि आज ऐकायला लागली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात भागूजी बोलला. "साहेब, आम्हीच सांगितल्तं तिला. नंबर कटंल म्हनून."

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. मग त्यांनी तपासणीला पाठवलं. काचेपलीकडे सुमन बसली. जाताना कौसाबाईंनी तिचा हात धरून स्वतःच वर करून दाखवला, की आज असा करायचा. जाड आवाजाला सुमनचा हात खांद्याच्या वर गेला. बारीक आवाज सुरू झाले आणि हात खाली आला तो खालीच राहिला. आलेख हातात आला तेव्हा डाव्या कोपऱ्यात, जाड आवाजांच्या जागी, वर टिंबं होती आणि पुढे रेघ दरीत कोसळली होती.

डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला. माझी भांडायची तयारी होती, पण त्यांचं बोलणं असं होतं की नुसतं भांडून भागणार नव्हतं, मुद्द्याने उत्तर द्यावं लागणार होतं. ते म्हणाले, वळवलेल्या तारेने हिला बोलणं चांगलं समजेल, मुख्य तेच आहे. उरलेलं ऐकणं जपायला आखूड तार घातली आणि चार वर्षांनी ते आपोआपच गेलं, तर परत कान उघडायचा का? हिचं ऐकणं मुळात उतरतंच आहे.

प्रश्न खरा होता, आणि म्हणून मी आणखी चिडले. "मग मऊ, सरळ, मधल्या लांबीची घाला," मी म्हणाले. "उरलेलं राहिलं तर राहिलं, गेलं तर तार तरी पुरेल."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी जिला कोणी विचारलं नाही ती आहे. हिला तरी विचारा."

ते विचारायला तयार झाले, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. वैशालीने सुमनला कागदावर चित्र काढून दोन्ही तारा समजावल्या, फायदे आणि भीती दोन्ही. अर्धा पाऊण तास गेला असेल. बाहेरचे पेशंट दारातून डोकावत होते. सुमनने शेवटी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत सांगितलं, "नवीन आवाज पाहिजे. दादाचा पण पाहिजे. गेला तर गेला. आधीच नका काढू." बापाला ती दादा म्हणते.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि रिपोर्टवर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जिंकलो.

योजनेच्या टेबलावर गेलो. तिथल्या बाईंनी नवा आलेख बघितला आणि सरळ सांगितलं की आता हे प्रकरण पुन्हा समितीपुढे जाणार, ऑपरेशनची तारीख रद्द. ती वळवलेली तार दुसऱ्या पेशंटला. म्हणजे शिबिरातला तो माणूस खोटं बोलला नव्हता. ज्याला जरासुद्धा ऐकू येतं त्याचा नंबर खरंच मागे पडला. मी टेबलावर हात आपटून बोलले, आवाज चढवला, लोक जमले. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "नियम मी केला नाही, मॅडम." हे वाक्य मी या देशात इतक्या टेबलांमागून ऐकलं आहे की आता मला त्याचा वास येतो.

राजूर

त्यांना मळ्यावर सोडायला निघालो, वाटेत राजूर. ऑपरेशनआधी गणपतीला जायचं, असं कौसाबाईंनी बोलून ठेवलं होतं. ऑपरेशन राहिलं, पण देवाचं ठरलेलं मोडायला नको म्हणून जीप थांबवली. दुपारची वेळ, गर्दी होतीच. नारळवाले, पेढेवाले, हाराची टोपली पुढे करणाऱ्या बायका. मी एकीकडे उभी राहून पेढा खाल्ला. गोड लागला, त्याचाही राग आला.

आत आरती सुरू झाली. नगारा वाजायला लागला. माझ्या मशीनमध्ये नेहमीचा पत्रा. सुमन गर्दीतून वाट काढत नगाऱ्याच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. ज्या पोरीचे डोळे सतत कोणाच्या ना कोणाच्या ओठांवर असतात, ती आरती संपेपर्यंत डोळे मिटून उभी होती.

भागूजी आत गेलाच नाही. मी पायऱ्यांवर त्याच्याजवळ जाऊन बसले. तो चपलेला चिकटलेली माती काडीने काढत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं बोलनं बराबर हाय. आम्ही पोरीला खोटं सांगितलं, ते चुकलं. पन तुम्ही आता नाशकाला जाल. तुमच्या कानात मशीन हाय. हिची दहावी आली. आता नंबर कधी लागंल, तुम्ही सांगता का?"

मी काय सांगणार? आदल्या दिवशीपासून मी सगळ्यांना सुनावत होते. तो चिडलेला होता आणि त्याचा राग माझ्या रागाइतकाच खरा होता. मी एवढंच म्हणाले की मी पाठपुरावा करीन. हे वाक्यही त्याने पुष्कळ टेबलांमागून ऐकलं असणार.

मळ्यावरून निघताना कौसाबाईंनी पिशवीत मोसंबी घातली. भागूजी जीपपर्यंत आला नाही.

नाशिक

ती मोसंबी संपून कितीतरी दिवस झाले तरी मी पत्रं लिहीत होते. समितीला, वर्तमानपत्राला, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना. उत्तरं आली, ती वाचून रक्तदाब वाढला. वैशाली तिकडे खेटे घालत होती. शेवटी काम कोणी केलं तर त्या डॉक्टरांनी. त्यांनी स्वतः समितीपुढे उभं राहून सांगितलं की या मुलीला सरळ, मऊ तारच पाहिजे आणि लवकर पाहिजे. त्यांच्याबद्दल मघाशी लिहिलेलं मी खोडत नाही, हेही शेजारी राहू दे. शिबिरातला तो माणूस मात्र अजून तिथेच आहे. अजूनही कोणाच्या तरी आईबापांना तो तेच सांगत असेल, आणि नियम आहे तसा असेपर्यंत ते खरंच असेल.

सुमनचं ऑपरेशन झालं. पण तारेचं मशीन लगेच सुरू करत नाहीत, जखम भरेपर्यंत थांबतात. म्हणजे त्या मधल्या दिवसांत कानात जे येईल ते तिचं स्वतःचं, जुनं. टाके सुकल्यावर एका दुपारी वैशालीचा व्हिडिओ कॉल आला. तीच ओसरी. सुमन बाजेवर, गोठ्याकडे तोंड करून, डोक्याला रुमाल. कौसाबाई तिच्या बाजूला तोंडावर पदर धरून. भागूजीने मोबाइलकडे बघून मला नमस्कार केला, हसला नाही, आणि रांजणावर वाकला.

सुमनचा हात मांडीवरच होता.

मी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. तेवढ्यात वैशालीने मोबाइल जवळ नेला आणि मला भागूजीचा चेहरा बाजूने दिसला. तोंड मिटलेलं होतं. तो घुमलाच नव्हता. मीच त्याला शिकवलेली युक्ती.

मग त्याने श्वास घेतला. माझ्या मशीनला मोबाइलमधून तो आवाज आलाच नाही, फक्त त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या. सुमनने मान जरा तिरकी केली. पूर्वीसारखी झटकन वळली नाही, शोधत होती. हात मांडीवरून सुटला, छातीपर्यंत आला, तिथे थांबला आणि मग खांद्याच्या वर गेला. पडद्यावर वैशालीचा मजकूर आला, "आधीपेक्षा कमी आहे, बाई. पण आहे."

भागूजीने डोकं रांजणातून बाहेर काढलं आणि वळून पाहिलं. सुमनने अजून हात खाली घेतला नव्हता.